तक्रारताईंचे शंभर डबे

आमच्याकडे कवळ्या बनतात. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेतात, ते निळ्या डब्यात घालून आमच्याकडे पाठवतात, आणि बारा दिवसांनी त्याच डब्यातून कवळी परत जाते. मधल्या बारा दिवसांत डबा आठ टेबलांवरून फिरतो. पहिल्या टेबलावर मी बसतो. डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची आणि त्यातला मजकूर आमच्या छापील कागदावर उतरवायचा, एवढंच माझं काम. दुसऱ्या टेबलावर मापात प्लास्टर ओततात, तिसऱ्यावर मेणाच्या हिरड्या होतात, चौथ्यावर त्यांत दात बसवतात. पाचव्यावर मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरून शिजवतात, सहाव्यावर साचा फोडून कवळी बाहेर काढतात आणि जास्तीचं कापतात, सातव्यावर चाकावर धरून पॉलिश करतात, आणि आठव्यावर ती डब्यात घालून वर पत्ता चिकटवतात.

आठवं टेबल संपलं की हात धुवायचं बेसिन, आणि बेसिनच्या पलीकडे, मागच्या दाराशी, ताईंचं टेबल. ते आम्ही कधी मोजत नसू. परत आलेल्या कवळ्या तिथे यायच्या. आम्ही त्यांना माहेरवाशिणी म्हणायचो. "आज किती माहेरवाशिणी?" असं कोणी ओरडलं की ताई चष्म्याच्या वरून बघायच्या आणि बोटांनी आकडा दाखवायच्या. तक्रारी घेतात म्हणून त्यांचं नाव पडलं तक्रारताई. खरं म्हणजे तक्रार करण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. चहा गार आला तरी मुकाट पिणारी बाई ती.

बाविसाव्या वर्षी त्या मेणाच्या टेबलावर लागल्या. नंतर एकोणीस वर्षं दात बसवले. डोळे साथ देईनात तेव्हा मालकांनी त्यांना मागच्या दाराशी बसवलं, त्यालाही आता सहा वर्षं होऊन गेली होती. डबा उघडला की आधी त्या कवळीशी बोलायच्या. "काय झालं गं तुला? कुठे दुखवलंस?" मग डॉक्टरांची तक्रार वाचायच्या, मोत्यासारख्या अक्षरात वहीत नोंद करायच्या, आणि शेवटच्या रकान्यात चूक कोणत्या टेबलाची ते लिहायच्या. कवळी सैल आहे, टेबल दोन. रंग वेगळा आहे, टेबल चार. टोचते, टेबल सात. सहा वर्षांत त्या रकान्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

त्या सोमवारी मात्र पाहिलं. मालक शहरातल्या सगळ्यांत मोठ्या दवाखान्यात जाऊन आले होते. आल्याआल्या त्यांनी चाकं बंद करायला लावली आणि आम्हाला मधल्या मोकळ्या जागेत उभं केलं.

"डॉक्टर काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, तुमच्या पाच कवळ्यांतली एक परत पाठवावी लागते. पाचातली एक! मला तोंड लपवायला जागा नव्हती."

प्लास्टरवाला म्हणाला, "साहेब, आमचे तर शंभरात अठ्ठ्याण्णव."

ते खरं होतं. वर्षातून एकदा बाहेरचा तपासनीस यायचा, प्रत्येक टेबलावरचे शंभर नग बघायचा, आणि त्याने दिलेला आकडा त्या टेबलाच्या वर भिंतीवर लावलेला असायचा. आठ टेबलं, आठ आकडे. शहाण्णवच्या खाली एकही नाही. माझ्या डोक्यावर सत्त्याण्णव होते आणि पाहुणे आले की मी जरा बाजूला सरकून बसायचो, त्यांना दिसावं म्हणून.

मालकांनी भिंतीकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. परीक्षेत सगळी पोरं पहिली आली आणि शाळेचा निकाल मात्र बुडाला, असा काहीतरी प्रकार होता.

"ताई, वही आणा," मालक म्हणाले.

ताईंनी वही आणली. गेल्या महिन्यात शंभरामागे बावीस परत. मालकांनी शेवटचा रकाना बोटाने खाली खाली वाचत नेला. "सात. सात. चार. सात. दोन. सात..." बावीसपैकी नऊ वेळा सात.

सातव्या टेबलावर काका बसायचे. पॉलिशकाका. तीस वर्षं एकाच चाकापुढे, त्याआधी मेणाच्या टेबलावर. नाकाला फडकं बांधलेलं, भुवयांवर गुलाबी पूड. ताई नवीन लागल्या तेव्हा मेणाचा चाकू कसा धरायचा हे त्यांना काकांनीच शिकवलं होतं, त्यामुळे आख्ख्या कारखान्यात त्यांना "पोरी" म्हणणारा माणूस एकच. काकांनी फडकं खाली केलं. मग पुन्हा वर बांधलं.

दुसऱ्या दिवशी ते आठव्या टेबलावर, खोक्यांमध्ये बसलेले होते. चाकावर नवी मुलगी आली. हाताला हलकी, नजरेला पक्की. मालक म्हणाले, "आता बघा."

आम्ही बघितलं. महिना गेला. शंभरामागे बावीस परत आले. त्यांतल्या नऊ टोचत होत्या.

ताईंनी नोंद करताना पेन खाली ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या टेबलाशी आल्या. एरवी भिंतीकडे तोंड करून डबा खाणारी बाई माझ्यासमोर बसली आणि डबा उघडायलाच विसरली.

"काकांना हलवलं. तरी नऊच कशा?"

मी म्हटलं, "नवी मुलगीही तशीच असेल."

"तिचं काम मी पाहिलं रे. काचेसारखं आहे."

"मग डॉक्टर उगाच तक्रार करत असतील."

"मी एकेकीवरून बोट फिरवलंय. टोचतात त्या."

माझ्या डोक्यात एकच होतं, की माझ्या डोक्यावर सत्त्याण्णव आहेत.

पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या संध्याकाळी घरी वाटाणे सोलता सोलता त्यांनी भाऊजींना विचारलं. भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. हिशेबाला पक्के, बोलायला त्याहून पक्के.

"आठ माणसं आहेत. प्रत्येक जण शंभरात तीन चुका करतो. तर शंभरात चुकलेले नग किती?"

"तीन," भाऊजी म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

"मग बावीस परत कसे येतात?"

"कोणीतरी खोटं बोलतंय. तुमचा तो तपासनीस चहा पिऊन आकडे लिहीत असणार."

आतून मुलगी ओरडली, "बाबा, आठ त्रिक चोवीस! तीन कसे?"

"अगं, तीनच टक्के चुकतात ना सगळे? मग शंभरात तीनच. सरासरी म्हणतात त्याला."

"सरासरीचा काय संबंध? आई, चोवीस लिही."

"पण चोवीस नाहीत गं, बावीस आहेत," ताई म्हणाल्या.

"दोन कोणीतरी मोजल्या नसतील," मुलगी म्हणाली. आता दोघांनीही ताईंकडे पाहिलं, कारण मोजणाऱ्या त्याच होत्या. त्या रात्री घरात एकाच प्रश्नाची तीन उत्तरं होती आणि खरं उत्तर वहीत लिहिलेलं असून ते कुठून आलं हे कोणालाच सांगता येत नव्हतं. वाटाणे अर्धे सोललेले तसेच राहिले.

सकाळी ताई मालकांच्या खोलीत गेल्या. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा द्यायला दारात उभा होतो, म्हणून ऐकलं.

"साहेब, मला शंभर डबे हवेत."

"कशाला?"

"सोबत फिरायला. पहिल्या टेबलापासून शेवटपर्यंत. कुठे काय होतं ते मला डोळ्यांनी बघायचंय. वहीवरून कळत नाही."

मालकांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. "बघा. पण बोलायचं नाही. तुम्ही टोकलंत की लोक सावध होणार, आणि सावध माणसाचं काम बघून काय कळणार? चूक दिसली तर लिहायची आणि डबा पुढे जाऊ द्यायचा."

"आणि तो पेशंट?"

"शेवटी अडवू ना. चुकलेला डबा बाहेर जाणार नाही. नव्याने करू."

ताईंनी मान हलवली. त्या वेळी त्यांना ते बरोबर वाटलं. मलाही वाटलं.

म्हणून एका सकाळी ताई स्टूल घेऊन माझ्या शेजारी बसल्या. मांडीवर वही, गळ्यात चष्म्याची साखळी. मी त्या दिवशी जितकं जपून लिहिलं तितकं बोर्डाच्या परीक्षेतही लिहिलं नसेल. दोन दिवसांत शंभर चिठ्ठ्या उतरवल्या. संध्याकाळी विचारलं, "किती?"

"बोलायचं नाही असं ठरलंय."

"ताई!"

"तीन," त्या म्हणाल्या आणि स्टूल उचलून प्लास्टरकडे गेल्या.

त्या तिनातला एक एकेचाळीस नंबरचा डबा होता. डॉक्टरांनी दातांच्या रंगाचा नंबर इंग्रजी तीन लिहिला होता, त्याची तोंडं शाईने मिटली होती, आणि मी तो आठ वाचला. तीन म्हणजे पांढरट, आठ म्हणजे चहाच्या डागासारखा. त्याच चिठ्ठीवर खाली लिहिलं होतं, तातडीचं, बाईंची बहीण सात वर्षांनी भेटायला येते आहे. ती ओळ मी अगदी बरोबर उतरवली होती.

ताईंनी नंतर सांगितलं, की पहिल्या टेबलावरून उठताना त्यांना हायसं वाटलं होतं. तीनच. म्हणजे भाऊजी बरोबर असतील. हे तीन डबे वाईट निघाले, बाकीचे सत्त्याण्णव चांगले, आणि आता हेच तीन डबे पुढे सगळीकडे रडत जातील असं त्या धरून चालल्या होत्या.

प्लास्टरवाल्याकडे दोन चुका झाल्या. मापात बारीक हवेचे बुडबुडे राहिले, साच्यावर मोहरीएवढे उंचवटे आले. ताईंनी वहीत नंबर लिहिले आणि थांबल्या. सतरा आणि साठ. हे ते तीन डबे नव्हते. माझ्याकडून हे दोन्ही धडधाकट गेले होते.

मेणाच्या टेबलावर चार. पुन्हा वेगळेच डबे. दात बसवताना तीन. शिजवताना तीन, मसाला घाईने भरला तर आत छिद्रं राहतात आणि कवळी किंचित वाकते. साचा फोडताना दोन. प्रत्येक टेबलावर ताई वही उलटून मागची पानं बघायच्या, हा डबा आधी आलाय का, आणि बहुतेक वेळा तो आलेला नसायचा. मागच्यांकडून नीट आलेला डबा पुढे कोणाच्या तरी हातून सुटायचा. हसावं की रडावं अशी गोष्ट म्हणजे बिघडलेले डबे पुढे फार मन लावून घडवले जात होते. एकेचाळीस नंबरवर दात बसवणाऱ्या मावशींनी तासभर घालवला. आठ नंबरच्या पिवळट दातांची अशी सुंदर ओळ ताईंनी एकोणीस वर्षांत स्वतःही बसवली नव्हती.

"छान बसलेत ना गं?" मावशींनी विचारलं.

ताई "हो" म्हणाल्या. आणखी काय म्हणणार? बोलायचं नाही असं ठरलं होतं. त्या दिवशी त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "एकेचाळीसवाल्या बाईंची बहीण कधी येणार रे?"

"चिठ्ठीत तारीख नव्हती."

"शेवटी अडवू म्हणाले आहेत साहेब. मग नव्याने करायला सात दिवस."

"मग?"

"काही नाही," असं म्हणून त्या तिथेच उभ्या राहिल्या. मी तेव्हाच चिठ्ठी फाडून नवी लिहायला हवी होती. माझी चूक मला तोवर त्यांनी सांगितली नव्हती, हे खरं आहे. पण ताई एकाच डब्याबद्दल मुद्दाम येऊन विचारतात यातून मला काही कळायला हवं होतं, हेही खरं आहे.

पॉलिशच्या टेबलावर नव्या मुलीच्या दोन चुका झाल्या. ताई तिथे सगळ्यांत जास्त वेळ बसल्या. शंभराच्या शंभर कवळ्यांवर बोट फिरवलं. दोनच.

आणि मग आठवं टेबल. तिथे काका. तीस वर्षं ज्याने चाक धरलं त्या माणसाला पत्त्याची चिठ्ठी सरळ चिकटवता येत नव्हती. ताई स्टूल घेऊन शेजारी बसल्या. काकांनी एकदाही मान वर केली नाही. दोन दिवसांत त्यांच्या हातून चार चुका झाल्या, दोन डब्यांचे पत्ते आपसात बदलले, एकात खालचीच कवळी गेली, आणि एकात तर काहीच गेलं नाही, नुसता कापूस. ताईंनी चारही लिहिल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी शंभर डबे मधल्या मोकळ्या जागेत मांडले. एका बाजूला चांगले, दुसऱ्या बाजूला चुकलेले. आम्ही सगळे टेबलं सोडून आलो. सगळ्या टेबलांच्या चुका मिळून तेवीस झाल्या होत्या, पण दोन डबे असे निघाले की जे दोन-दोन वेळा चुकले होते. म्हणून चुकलेले डबे एकवीस. चांगले एकोणऐंशी.

आठही जणांनी आपापला आकडा भिंतीवर पाहिला. एकाचाही आकडा खोटा निघाला नव्हता.

"म्हणजे तपासनीस बरोबर," प्लास्टरवाला म्हणाला.

"बरोबर," ताई म्हणाल्या.

"आणि डॉक्टर?"

"तेही बरोबर."

"मग चुकलं कोण?"

ताईंनी एकवीस डब्यांकडे पाहिलं. "थोडं थोडं सगळेच. पण एकाच डब्यावर नाही रे. तू दुसराच डबा बिघडवतोस, मावशी तिसराच. तुझ्या चुकीला मावशीच्या चुकीची ओळखच नाही. माझी मुलगी चोवीस म्हणाली होती. त्यातला एखाददुसरा डबा दोनदा चुकतो, म्हणून जरा कमी." त्यांनी कपाळ पुसलं. "मला तरी इतकंच कळलंय. तेही नीट कळलंय का माहीत नाही."

इथे थांबल्या असत्या तर त्यांचं कौतुक झालं असतं. पण त्यांनी एक गोष्ट आणखी केली होती, आणि ती कोणी सांगितलेली नव्हती. आदल्या दिवशी त्यांनी ते एकवीस डबे घेऊन स्वतःलाच विचारलं होतं, की हे बाहेर जाऊन तक्रार होऊन परत आले असते, तर मी शेवटच्या रकान्यात काय लिहिलं असतं? नऊ कवळ्या टोचणाऱ्या होत्या. त्यांच्या सवयीप्रमाणे नऊच्या नऊ सातव्या टेबलाच्या नावावर गेल्या असत्या. आणि वहीत लिहून ठेवलेलं खरं कारण? प्लास्टरच्या बुडबुड्यांमुळे दोन, मेण जास्त राहिल्याने दात उंच बसून हिरडी दाबणाऱ्या दोन, शिजवताना वाकलेल्या दोन, कापताना धार राहिलेली एक. पॉलिशच्या दोन. नऊपैकी सात वेळा ताईंनी निरपराध माणसाचं नाव लिहिलं असतं. आणि सहा वर्षं लिहिलं होतं.

हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, काकांकडे न बघता. काका खोक्यावर बसले होते. थोड्या वेळाने उठले आणि बेसिनवर जाऊन हात धुऊ लागले. त्यांचे हात स्वच्छच होते.

मालकांच्या खोलीतलं बोलणं या वेळी आम्ही सगळ्यांनी दाराबाहेरून ऐकलं.

"मग मी काढू कोणाला?" मालक विचारत होते.

"कोणालाच नाही."

"अहो ताई, पाचातली एक परत येते आणि कोणालाच बोलायचं नाही? हे म्हणजे घरात चोरी झाली आणि चोरच नाही असं झालं."

"तसंच झालंय, साहेब."

"मग असं करू. आठव्याच्या पुढे नववं टेबल टाकू. तिथे तुम्ही बसा. प्रत्येक कवळी तुम्ही तपासल्याशिवाय बाहेर जायची नाही."

"मीही शंभरात तीन चुकेन."

मालक हसले. "तुम्ही? छे!"

"साहेब, नऊपैकी सात चुकले आहे मी. तीन म्हणजे स्वतःला वाढवूनच सांगतेय."

आत पेपरवेट फिरल्याचा आवाज आला. मग मालक म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच मालकासारखा नव्हता, "मला काही कळेना झालंय हो. पाहुण्यांना दाखवायला ते आकडे लावले होते मी. आता काढू की ठेवू?"

आकडे राहिले. बाकी मात्र थोडं बदललं. ताईंनी सुचवलं, की माझं उतरवून घेणंच बंद करा. डॉक्टरांची मूळ चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्यासोबतच फिरू दे. म्हणजे एक टेबल कमी, आणि त्याच्या तीन चुकाही कमी. शिजवणारा आणि साचा फोडणारा एकच माणूस झाला. आणि डबा हातात घेताना मागच्याचं काम मिनिटभर बघायचं, काही दिसलं तर भांडण न करता परत द्यायचा, असं ठरलं. भांडण न करता हे फार जमलं नाही. पण परत येणाऱ्या कवळ्या बावीसवरून तेरावर आल्या. तेराच का, दहा का नाहीत, हे अजून कोणाला सांगता आलेलं नाही. मला मसाल्याच्या गोदामात बसवलं. गेली दोन वर्षं मी डबे मोजतो आणि डोक्यावर कोरी भिंत आहे.

एकेचाळीस नंबरची कवळी सात दिवसांत नव्याने झाली, तीन नंबरच्या रंगाची. ताई ती स्वतः घेऊन दवाखान्यात गेल्या. मी सोबत गेलो. त्यांनी बोलावलं नव्हतं, पण नकोही म्हणाल्या नाहीत. बाई सत्तरीच्या, नीटनेटक्या, हातातला रुमाल तोंडावर धरलेला. डॉक्टरांनी कवळी बसवली. बाईंनी आरशात पाहिलं, जीभ फिरवली, आणि रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

"बहीण आली?" ताईंनी विचारलं.

"आली आणि गेली. चार दिवस होती. मी सगळे चार दिवस रुमालाआडून बोलले. ती म्हणाली, हे काय गं? मी म्हटलं, सर्दी झालीय." बाई हसल्या. नव्या दातांनी हसायची सवय नव्हती, म्हणून लगेच ओठ मिटले. "उशीर का झाला हो? डॉक्टर म्हणाले बारा दिवस, एकोणीस झाले."

ताई म्हणाल्या, "आमच्याकडून रंगाचा नंबर चुकला होता."

"मग कळलं केव्हा?"

"पहिल्याच दिवशी."

बाईंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "पहिल्या दिवशी?"

"हो. आम्ही बघत होतो, चुका कुठे होतात ते."

बाईंनी ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावल्या असं म्हणता येणार नाही. एखाद्याने परक्या भाषेत रस्ता विचारावा तसा त्यांचा चेहरा झाला. "बरं," त्या म्हणाल्या आणि डॉक्टरांना खालच्या कवळीबद्दल काहीतरी विचारू लागल्या.

परतताना बसथांब्यावर ताई म्हणाल्या, "मी त्या दिवशी बोलले असते तर?"

"तर शंभरांचा हिशेब बिघडला असता."

"एकाने?"

"एकाने सुरुवात झाली असती. मग प्रत्येक डब्याला तुम्ही बोलला असता."

"हं. आणि नाही बोलले म्हणून आता कमी परत येतील. म्हणजे काही माणसांचं भलं होईल शंभरामागे. दर महिन्याला." त्यांनी बोटं मोजली, मग मोजायचं थांबवलं. "पण तिची बहीण काही दर महिन्याला येत नाही ना रे."

काकांना मालकांनी पुन्हा सातव्या टेबलावर बोलावलं. स्वतः जाऊन बोलावलं, तेही सगळ्यांच्या देखत. काका म्हणाले, "नको. इथे नाकात पूड जात नाही." नवी मुलगी चाकावरच राहिली. काका पत्ते चिकटवायला शिकले. वर्षअखेरीस त्यांच्या टेबलावरही सत्त्याण्णव लागले. ताईंशी ते बोलायचे, कामापुरतं. "हा डबा उघडा आहे." "दोरी संपली." पूर्वी दुपारी दोघं अर्धा अर्धा कप चहा वाटून घ्यायची. तो आता दोन वेगळ्या कपांतून यायचा आणि दोघांकडेही अर्धा शिल्लक राहायचा. ताई दोन वेळा त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या होत्या, माफी मागायला. पहिल्या वेळी काका म्हणाले, "अगं तू लिहिलंस, वाचलं साहेबांनी, हलवलं साहेबांनी, आणि मी तोंड मिटून बसलो. कोणाकोणाची माफी कोण मागणार?" दुसऱ्या वेळी म्हणाले, "बाजूला हो, उजेड अडतोय."

यातलं कोणतं मनापासून आणि कोणतं रागाने, हे ताईंनी मला कितीदा विचारलं असेल. मी प्रत्येक वेळी वेगळं उत्तर दिलं.

गेल्या महिन्यात काका निवृत्त झाले. मालकांनी हार घातला, चार शब्द बोलले, त्यांतले दोन विसरले. सगळे पांगल्यावर ताई फाटकापर्यंत त्यांच्यासोबत गेल्या. मी गोदामाच्या खिडकीतून बघत होतो. काका थांबले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, काहीतरी म्हणाले आणि निघाले. ताई फाटकाशीच उभ्या राहिल्या. मी बाहेर गेलो.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, नीट जा, पोरी."

"मग?"

"अरे, जात तर ते होते. मी इथेच आहे." त्यांनी चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "आणि पोरी म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे काय समजायचं मी?"

मी खरंच विचार केला. मग म्हटलं, "मला माहीत नाही, ताई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, "तू तरी काहीतरी लिहून मोकळा झाला नाहीस." आणि बेसिनच्या पलीकडे, मागच्या दाराशी आलेले दोन नवे डबे उघडायला त्या आत गेल्या.